शिवणीतली माया

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. पण ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.)

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या पुतण्याची शाळेची पँट आसनात उसवली. जूनमध्ये घेतलेली पँट, जेमतेम महिनाभर वापरलेली. वर्गात सगळ्यांसमोर उसवली म्हणून पोरगं रडत घरी आलं. मी ती पिशवीत घातली आणि मुर्ध्यातल्या आमच्या नेहमीच्या मास्तरांकडे गेलो. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली पायमशीन टाकून बसतात ते. मूळचे उत्तर प्रदेशातले, पण इथे तीसेक वर्षं झाली, मराठी तुमच्याआमच्यासारखीच बोलतात.

मास्तरांनी पँट घेतली ती आधी उलटी केली. सुलट्या बाजूकडे बघितलंसुद्धा नाही. शिवणीवरून अंगठा फिरवला, दोन्ही हातांनी जरा ताणली आणि म्हणाले, "साहेब, हिच्यात मायाच नाही. मी शिवू कशावर?"

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापड बेतताना शिवणीच्या पलीकडे जे जास्तीचं कापड आत सोडतात, त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. पण शिवण उसवली तर त्या मायेवर परत शिलाई मारता येते. पोर वाढलं तर माया सोडून कपडा मोठा करता येतो. मास्तरांनी मला पँटची आतली कड दाखवली. शिवणीपासून पाव इंचही कापड नव्हतं, आणि तेवढंही ओव्हरलॉकने कुरतडलेलं. आता परत शिलाई मारायची तर कापड आत घ्यावं लागणार, म्हणजे आधीच घट्ट असलेली पँट आणखी घट्ट होणार. शेवटी त्यांनी आतून दुसऱ्या कापडाची कळी लावून दिली. चाळीस रुपये घेतले. पँट आम्ही घेतली होती त्याच्या दहा-पंधरा पट किमतीला.

घरी येताना डोक्यात एकच विचार होता. मास्तरांनी अर्ध्या मिनिटात जे ओळखलं ते मला दुकानात का कळलं नाही? मी डिप्लोमा केलेला माणूस, वीस वर्षं बातम्या लिहितोय, टेंडरातले आकडे तपासतो. पण कपडा उलटा करून बघायचं मला सुचलं नाही. माझ्या आजीला सुचलं असतं. ती शाळेत एक दिवस गेली नव्हती.

म्हणजे आजीपासून माझ्यापर्यंत येताना हे ज्ञान कुठेतरी सांडलं. ते कुठे सांडलं, त्याचा हा शोध.

उसवणं, फाटणं, विरणं

आधी भाषेपासून सुरुवात करू. कपडा खराब झाला की आपण आता सरसकट 'फाटला' म्हणतो. जुन्या बायका तसं म्हणत नसत. दोरा तुटून शिवण सुटली तर 'उसवलं'. कापडच तुटलं तर 'फाटलं'. वापरून वापरून कापड पातळ झालं, उजेडात धरल्यावर जाळी दिसायला लागली तर 'विरलं'. हे तीन वेगळे आजार आणि त्यांची औषधंही वेगळी. उसवलेलं परत शिवायचं. फाटलेल्याला रफू नाहीतर ठिगळ. विरलेल्याला मात्र टाका घालायचा नाही, कारण विरलेल्या कापडात टाका धरत नाही, बाजूचंही फाडतो. विरलेलं लुगडं गोधडीत जायचं, नाहीतर बाळाच्या दुपट्यात. नव्या बाळाच्या अंगाला आजीच्या जुन्या लुगड्याइतकं मऊ दुसरं काही नसतं.

ज्या भाषेत कपड्याच्या मरणाला तीन शब्द आहेत, तिथल्या माणसांना कपड्याची किंमत माहीत होती, हे वेगळं सांगायला नको.

आणि किंमत माहीत असायला कारण होतं. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन हा आपला पट्टा. भातशेती, मिठागरं आणि पुढे मासळी. मिठागरात काम केलेल्या जुन्या माणसांना विचारा. खारं पाणी अंगावर वाळलं की कापड पापडासारखं कडक होतं आणि घडी पडते तिथेच चिरतं. अशा ठिकाणी माणसाकडे अंगावरचा एक जोड, दांडीवरचा एक जोड आणि लग्नकार्याला ठेवणीतला एक, एवढंच असायचं. हे दिवस फार छान होते असं मी म्हणत नाही. गरिबी होती. पण त्या गरिबीने एक नजर दिली होती.

न शिवलेल्या कपड्यांचा देश

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत आपले बहुतेक कपडे शिवलेले नव्हतेच. धोतर, लुगडं, उपरणं, पागोटं, ही सगळी मागावरून उतरलेली सलग वस्त्रं. शिवायचं ते थोडंच: चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा, पोरांची कुंची. चोळीचा खण तर मापातच विणला जायचा, एका खणात एक चोळी. कात्रीला कमी काम आणि चिंधी जवळजवळ नाहीच. शिंपी समाज मात्र होता आणि मानाने होता. संत नामदेव शिंप्याच्या घरातले, हे वारकरी माणसाला सांगावं लागत नाही.

मग यंत्र आलं. अमेरिकेत एलायस हाऊने १८४६ साली दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि १८५१ साली आयझॅक सिंगरने आपलं. सिंगरची मशीन एकोणिसाव्या शतकातच हिंदुस्थानात पोचली. तिचं हप्त्यावर मिळणं फार महत्त्वाचं ठरलं, कारण हातावर पोट असलेल्या शिंप्यालाही ती घेता आली. पुढे १९३०च्या दशकात कोलकात्यात देशी उषा मशीन बनू लागली आणि कितीतरी घरांत मुलीच्या लग्नात शिलाई मशीन द्यायची पद्धत पडली. नवरा गेला, गिरणी बंद पडली, कर्ज झालं, तर बाईला त्या मशीनचा आधार असायचा. आपल्या भाईंदरमध्ये अशी शेकडो घरं मशीनच्या त्या पायट्यावर चाललेली आहेत.

यंत्रांच्या वेडाला गांधीजींचा विरोध होता, हे आपण शाळेत शिकतो. पण १९२४ साली एका संवादात त्यांनी एका यंत्राला सूट दिली होती, ते हेच शिवणयंत्र. त्यांचं म्हणणं असं की सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालत कष्ट करताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं. गोष्ट इतिहास म्हणून कितपत टिकेल हा भाग वेगळा, पण गांधीजींनी लावलेली कसोटी चांगली आहे. यंत्रामागे माणसाबद्दल माया आहे की नुसता हव्यास, ते बघा.

गिरणीतला डोळा

दुसरी मोठी गोष्ट घडली ती आपल्या शेजारी, मुंबईत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापसाची पहिली गिरणी काढायचं ठरवलं आणि १८५६ला ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, डिलाईल रोड, वरळी, सगळं गिरणगाव उभं राहिलं. मोरारजी गोकुळदास, खटाव, बॉम्बे डाइंग, सेंच्युरी ही नावं घराघरांत गेली. विरारपर्यंत विजेची लोकल १९३६ला सुरू झाल्यावर आपल्या बाजूची माणसंही रोज मुंबईला कामाला जाऊ लागली.

गिरणी कामगार फक्त पगार घेऊन घरी येत नव्हता, तो नजर घेऊन येत होता. त्रासन खात्यातल्या माणसाला सुताचा पीळ कळायचा. साचा खात्यातल्याला उभ्या-आडव्या धाग्यांची वीण कळायची. कापड तपासणाऱ्याला सुटलेला धागा दहा हातांवरून दिसायचा. असा एक मामा, एक काका प्रत्येक आळीत असायचा. दिवाळीला कापड घ्यायचं तर त्याला सोबत न्यायचं. तो ताग्याची किनार बघायचा, कापड उजेडात धरायचा, मुठीत दहा सेकंद चुरगळून सोडायचा. दोन बोटांत चोळून खळ किती आहे ते बघायचा, कारण हलक्या कापडाला खळ भरून जाड दाखवायची युक्ती जुनीच आहे. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि हातात मच्छरदाणी उरते. किनारीवर 'सॅन्फोराइज्ड' असा छाप आहे का, तेही बघायचे. म्हणजे कापड आधीच आटवून घेतलेलं आहे, धुतल्यावर आखडणार नाही. सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसाने ही प्रक्रिया १९३०च्या सुमारास शोधली, त्याच्या नावावरून तो शब्द. आपल्या आज्यांना हे नाव माहीत नव्हतं, पण छाप माहीत होता.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. सरकारने १९४३ साली कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम काढला. त्या काळातली माणसं 'कंट्रोलचं कापड' हा शब्द मरेपर्यंत विसरली नाहीत. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये सरकार लोकांना पत्रकं वाटून जुने कपडे दुरुस्त करून वापरायला शिकवत होतं. आपल्याकडे अशा पत्रकाची गरज नव्हती. शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवून, उलटवून परत लावायचा. कफ उलटवायचा. बापाची पँट कापून मुलाची चड्डी व्हायची. मोठ्याचा शर्ट धाकट्याला, धाकट्याचा गेला की मशेरीच्या हाताला पुसायला, आणि अगदी शेवटी चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं.

हे सगळं शक्य होतं ते मायेमुळे. शिंप्याने कपडा शिवताना आत कापड सोडलेलं असायचं म्हणून. पोराची पँट शिवताना मास्तर कंबरेला मागे इंच-दीड इंच आणि पायाला खाली दोन-अडीच इंच आत दुमडून ठेवायचे. पोर उंच झालं की दुमड सोडायची. सोडल्यावर जुन्या घडीची एक फिकट रेघ दिसायची. माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या पँटवर अशा दोन-दोन रेघा होत्या. झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखं त्यावरून आमचं वय मोजता आलं असतं.

रफू करणारे कारागीरही या मायेवरच जगायचे. चांगला रफूगार बाहेरचा दोरा वापरत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून धागा काढतो आणि भोकावर एक उभा, एक आडवा असा विणत जातो. म्हणून रंग तंतोतंत जुळतो. आत माया नसेल तर रफूगार हात वर करतो.

माया कुठे गेली?

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी संपलाच नाही असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अर्थाने खरं आहे. गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते लोअर परळला उतरल्यावर दिसतं. कापड भिवंडीच्या यंत्रमागांकडे आणि इतर राज्यांत गेलं. गिरण्या गेल्या त्याचं दुःख आपण नोकऱ्यांच्या आकड्यात मोजलं. त्यांच्यासोबत कापड ओळखणारे लाखो डोळे गेले, ते कोणी मोजले नाहीत.

त्याच सुमारास रेडिमेड आलं. आधी टेरीकॉट आलंच होतं. ते विरत नाही, चुरगळत नाही, म्हणून लोकांना आवडलं. मग १९९१नंतर बाजार उघडला. १९७४पासून जगभर कापड-कपड्यांच्या निर्यातीवर कोटा होता, तो १ जानेवारी २००५ला संपला आणि कपडा जगात सगळ्यात स्वस्त जिथे शिवून मिळेल तिथे पळू लागला. आपल्या भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतही शिलाईची कामं चालतात. तिथे एक माणूस पूर्ण शर्ट शिवत नाही. एक फक्त कॉलर मारतो, एक फक्त बाही, एक फक्त काज. पैसे नगावर. कारागीर हुशार असतो, पण त्याला माया सोडायचा अधिकारच नसतो. कापड त्याच्याकडे येतं तेच कापून.

माया का कापली गेली, याचं गणित सोपं आहे. कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात. समजा, सगळ्या शिवणींतली माया थोडी थोडी कमी करून एका शर्टामागे दोन इंच कापड वाचवलं. हजार शर्टांमागे दोन हजार इंच, म्हणजे पन्नास मीटर. एवढ्यात वीस-बावीस शर्ट आणखी निघतात. तेच टाक्यांचं. इंचाला बारा टाक्यांऐवजी आठ टाकले तर तेवढ्याच वेळात मशीन दीडपट लांब शिलाई मारते आणि दोराही कमी लागतो. गिऱ्हाईक बाहेरून रंग बघतं, लेबल बघतं, किंमत बघतं. आत कोणी बघत नाही. जिथे कोणी बघत नाही तिथे आधी कात्री चालते. पत्रकार म्हणून सांगतो, हा नियम फक्त कपड्यांना लागू नाही. गटारावरच्या स्लॅबलाही लागू आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. रेडिमेडमुळे गरिबाच्या पोरालाही चार जोड कपडे मिळाले. शिलाई महाग झाली होती आणि शिंपी दिवाळीच्या कपड्यांसाठी देवदिवाळीपर्यंत खेटे घालायला लावायचे, हेही खरं आहे. मी जुन्या दिवसांची आरती ओवाळत नाही. स्वस्त कपडा वाईटच असतो असंही नाही, आणि महागाच्या आत माया असतेच असंही नाही. मॉलमधले दोन-अडीच हजारांचे शर्ट मास्तरांनी मला उलटे करून दाखवलेत. आत तीच कुरतडलेली कड.

बोहारीण आणि धावगी

जुन्या व्यवस्थेत आणखी एक बाई होती, बोहारीण. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दुपारी आळीत यायची. दोन साड्या आणि एका पँटच्या बदल्यात पातेलं, वर एक चमचा द्या म्हणून तासभर घासाघीस. आपलं भाईंदर स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं, म्हणजे तिच्या पाटीतली काही भांडी आपल्याच गावची असणार. घेतलेला कपडा ती घरी नेऊन धुणार, उसवलेलं शिवणार, इस्त्री करणार आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात विकणार. तिथून तो आपल्याहून गरीब माणसाच्या अंगावर जाणार. अगदीच गेलेला असेल तर यंत्रं पुसायच्या चिंध्यांत. लोकरीचा असेल तर पार हरियाणात पानिपतला, तिथे जुन्या लोकरी कपड्यांचे धागे सोडवून परत कांबळी करतात.

बोहारीण ही कपड्याची सगळ्यात कडक परीक्षक. तीही कपडा उलटाच करायची. बगल बघायची, आसन बघायची, उजेडात धरायची. "ताई, हे विरलंय, ह्याचं काय येणार?" आता ती क्वचित दिसते. सोसायटीच्या गेटवर वॉचमन आत सोडत नाही, हे एक कारण. दुसरं कारण तिच्याच धंद्यातलं आहे. आपण जे टाकतो त्यात परत विकण्याजोगं फारसं उरलेलं नसतं. पाव इंच माया असलेल्या, धुऊन पिळवटलेल्या कपड्याला पातेलं कोण देईल?

मग तो कपडा जातो कुठे? मुर्ध्याच्या लोकांना हे सांगायला नको. भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो आणि तिकडे जाणारा रस्ता आपल्या दारावरून आहे. गेली कित्येक वर्षं त्या डोंगरावरच्या आगी आणि धूर यांवरून उत्तनची माणसं भांडतायत. मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. आपण गाड्यांच्या वासाबद्दल बोलतो, पण गाडीत काय आहे ते कोणी बघत नाही. सुती चिंधी मातीत कुजते. पॉलिस्टर म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिकच, ते कुजत नाही आणि पेटलं की वितळून काळा धूर सोडतं. पोराची महिन्याभरात टाकलेली पँट वाऱ्याबरोबर परत आपल्याच नाकात येते.

युरोपातल्या देशांनी हे ओळखलंय. तिथे १ जानेवारी २०२५पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणं बंधनकारक आहे. फ्रान्समध्ये तर २०२३च्या नोव्हेंबरपासून कपडे दुरुस्त करून घेतले की बिलातून काही युरो वजा होतात. जे आपल्याकडे ताडपत्रीखाली आपोआप चालू होतं, त्याला तिकडे सरकार पैसे देऊन परत आणतंय. आणि आपल्याकडे जे शिल्लक आहे ते आपण रस्त्याच्या कडेचं अतिक्रमण समजतो.

गणवेशाचा धडा

आता मूळ मुद्द्यावर येतो.

कपड्याची पारख ही घरगुती गोष्ट नाही, सार्वजनिक गोष्ट आहे, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' योजना आली. २०२४-२५मध्ये कापड राज्य पातळीवर घेऊन महिला बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. बचत गटांना काम मिळावं हा हेतू चांगला होता. पण कित्येक शाळांत पंधरा ऑगस्ट उलटला तरी गणवेश आले नाहीत, आले ते मापाचे नाहीत, शिलाई नीट नाही, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. शेवटी डिसेंबर २०२४मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि खरेदीचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले.

यात मी बचत गटांच्या बायकांना दोष देणार नाही. हजारो मुलांची मापं लांबून ठरवली, वेळ कमी दिला, की कोणाच्याही हातून असंच होणार. मुद्दा पुढचा आहे. आता अधिकार समितीकडे आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९नुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला. म्हणजे गणवेश कसा असावा हे आपण, पालकांनी ठरवायचंय. समितीच्या बैठकीत आपण काय विचारतो? रंग बरोबर आहे का आणि भाव किती. पँट उलटी करून किती जण बघतात?

खाजगी शाळांत तर बहुतेक वेळा ठरलेल्या दुकानातूनच घ्यावं लागतं. माझ्या पुतण्याचीही तीच गत. पण दुकान ठरलेलं असलं तरी डोळे आपले आहेत. दहा पालकांनी कपडा परत केला की अकराव्याला बरा मिळतो.

मास्तरांची शिकवणी

कळी लावून होईपर्यंत मी मास्तरांकडे बसलो आणि सगळं विचारून घेतलं. लिहून ठेवा, दुकानात कामाला येईल.

१. कपडा आधी उलटा करा. बाजूच्या शिवणीत निदान अर्धा इंच माया हवी. पोराच्या पँटला मागे कंबरेत इंचभर आणि खाली दोन इंच दुमड हवी. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला नुसतं ओव्हरलॉक चालतं, तिथे तेच योग्य. सुती-टेरीकॉटच्या शर्ट-पँटला नुसतं ओव्हरलॉक म्हणजे पळवाट. तिथे साधी शिलाई आणि वर ओव्हरलॉक, दोन्ही हवं.

२. टाके मोजा. शर्टाला इंचाला बारा-चौदा, जाड पँटला दहाच्या आसपास. सातआठ असतील तर ठेवून द्या. पण फार बारीकही नको. पातळ कापडाला सुईने फार भोकं पडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं तिथेच फाटतं.

३. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकं ताणा. मधे दात दिसल्यासारखे दोरे दिसले तर शिलाई सैल आहे.

४. जिथे ओढ बसते त्या जागा बघा: खिशाचे कोपरे, चेनचं खालचं टोक, काख आणि आसन. तिथे एकावर एक पक्के टाके किंवा डबल शिलाई हवी.

५. काज उलट्या बाजूने बघा. दाट भरलेलं हवं, मधून कापडाचे तंतू बाहेर यायला नकोत. बटण जरा हलवा. खाली दोऱ्याची छोटी मान असेल तर ते टिकेल.

६. कपडा खांद्याला धरून लोंबकळत सोडा. बाजूची शिवण सरळ खाली यायला हवी. पुढे वळली तर कापड उभ्या धाग्यात न बेतता तिरकं कापलंय. धुतल्यावर आणखी पिळवटेल. चौकडा असेल तर खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेला जुळते का बघा. जो रेघ जुळवतो तो आतही लक्ष देतो.

७. सुती म्हणून विकतायत आणि शंका असेल तर आतल्या कडेचा एक धागा काढून घरी जाळून बघा. सुताला जळलेल्या कागदाचा वास येतो आणि राख होते. पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो.

हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात. दुकानदार तोंड वाकडं करेल. करू दे.

शेवटचं

मास्तरांबद्दल एक गोष्ट राहिली. २०१४चा पथविक्रेता कायदा फक्त भाजीवाल्यासाठी नाही. रस्त्यावर बसून सेवा देणारेही त्या व्याख्येत येतात, म्हणजे चप्पल शिवणारा, छत्री दुरुस्त करणारा आणि कपडे दुरुस्त करणारा मास्तरही. रस्ते रुंद होणार, मेट्रो येणार, नवे टॉवर येणार. ते होऊ दे. पण फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणात आणि नव्या आराखड्यात या माणसांच्या चार बाय चार जागेचं नाव कागदावर यायला हवं. प्रत्येक वॉर्डात एक दुरुस्ती कट्टा द्या: एक शिंपी, एक चांभार, एक छत्रीवाला. धावगीला जाणाऱ्या गाडीतला थोडा तरी भार तिथेच कमी होईल. हे मी पुढच्या आठवड्यात लेखी निवेदन म्हणून देणार आहे. सही करायला कोण येणार ते खाली सांगा.

पुतण्या परवापासून तीच पँट घालून शाळेत जातोय. आत कळी निळ्या रंगाची आहे, पँट राखाडी. बाहेरून दिसत नाही. त्याने मित्रांना मात्र स्वतःहून दाखवली म्हणे, मास्तरांनी किती पक्की मारलीय ते. त्याची पुढची पँट घ्यायला आम्ही मास्तरांना सोबत नेणार आहोत, जसं आमची आजी गिरणीतल्या मामाला न्यायची.